पार्सल दाराबाहेर पडून राहू द्यायचं नाही

ती. आई-बाबांना,
सा. न.

आईच्या गुडघ्याच्या पट्ट्याचं पार्सल दारातून नाहीसं झालं, तेव्हापासून बाबांनी "यापुढे काही मागवायचंच नाही" असं जाहीर केलंय. आणि आईचं म्हणणं, मागवलंच तर ते हातात पडेपर्यंत घराबाहेर पाऊल टाकायचं नाही. मला दोन्ही पटत नाही. गुडघ्यासाठी पट्टा मागवायचा आणि त्या पट्ट्यासाठी आईचं चालणं बंद करायचं, हे कुठलं शहाणपण? फोनवर बाबा मला वाक्य पुरं करू देत नाहीत, म्हणून हे पत्र.

बाबा, तुमचा संशय जिना झाडणाऱ्या ताईंवर आहे, हे आईकडून कळलं. पुरावा काय, तर त्या वेळी त्या मजल्यावर होत्या. त्या रोजच असतात हो! सोसायटीत दिवसभर दुरुस्तीवाले येतात, पाहुणे येतात, दहा घरांचे डिलिव्हरीवाले येतात. खोका तासन्‌तास दारात पडून राहिला तर यातलं कुणीही तो उचलू शकतं. शिवाय दर वेळी चोरीच झालेली असते असंही नाही. घाईत एका विंगचं पार्सल दुसऱ्या विंगमध्ये, त्याच नंबरच्या दारात टाकलं जातं. कधी तर माणूस पोचायच्या आधीच ॲपवर 'पोचलं' अशी नोंद झालेली असते. म्हणून आधी ॲपमध्ये डिलिव्हरीचा फोटो आहे का ते बघायचं, आणि त्यात आपलंच पायपुसणं, आपलीच चौकट दिसते का ते नीट पाहायचं. मग गेटवर आणि शेजारी विचारायचं. कुणाचं नाव मात्र घ्यायचं नाही. पट्ट्याचे पैसे परत मिळतील, पण ताईंवर एकदा आळ घेतला की तो मागे घेता येत नाही.

चोर शोधणं आपल्या हातात नाही. पार्सल ठेवल्यापासून उचलेपर्यंतचा वेळ कमी करणं मात्र आहे. ऑर्डर करतानाच पत्त्याखाली सूचना लिहायची सोय बहुतेक ॲपमध्ये असते. तिथे "दाराबाहेर ठेवू नये, हातात द्यावे" असं लिहा. घरी नसाल तर कुणाकडे द्यायचं, तेही लिहा. त्या शेजाऱ्यांना आधी विचारून, अर्थात. काही ठिकाणी दिवस बदलून मिळतो, काही ठिकाणी जवळच्या केंद्रावरून स्वतः आणता येतं. फिरायला जायची वेळ डिलिव्हरीवाल्यासाठी बदलू नका, डिलिव्हरीचा दिवस बदला. औषधं आणि महागाच्या वस्तू मात्र हातात देण्याची खात्री असेल तरच मागवा.

आता ओटीपी. आई, हे तू दोनदा वाच. पार्सल हातात आल्यावरच ओटीपी सांगायचा. "खाली ठेवलंय काकू, नंबर सांगा, मी निघतो" असं कुणी फोनवर म्हणालं तर "वर या, नाहीतर मी खाली येते" एवढंच उत्तर. तो आकडा सांगितला की वस्तू तुला मिळाली असं नोंदलं जातं, आणि मग मिळाली नाही हे पटवून देणं अवघड होतं. ओटीपी आला की आधी पूर्ण मेसेज वाचायचा. कशासाठीचा आहे ते त्यात लिहिलेलं असतं. पैशाच्या व्यवहाराचा असेल तर समोरचा कितीही गोड बोलो, फोन ठेवून दे. "पत्ता अपुरा आहे, लिंकवर थोडी रक्कम भरा" हा मेसेज तर सरळ पुसून टाक. पार्सल गेल्यावर माणूस गोंधळलेला असतो आणि नेमका तेव्हाच अशा लोकांच्या तावडीत सापडतो. म्हणून कस्टमर केअरचा नंबर इंटरनेटवर शोधू नका. खोटे नंबर तिथे मुद्दाम पेरलेले असतात. तक्रार ॲपमधल्या त्याच ऑर्डरच्या पानावरून करायची, आणि लवकर, कारण तिला मुदत असते.

बाबा, सोसायटीच्या मीटिंगमध्ये तुम्ही कॅमेऱ्यांचा विषय काढणार आहात. काढा, पण कॅमेरा चोरी थांबवतोच असं नाही, झालेली दाखवतो. जुनं चित्रण काही दिवसांनी आपोआप पुसलंही जातं, तेव्हा मागायचं तर लगेच मागावं लागतं. आपल्या दारावर लावलात तर तो समोरच्यांच्या घरात डोकावणार नाही असा लावा, नाहीतर चोर राहील बाजूला आणि भांडण आपल्यातच. माझ्या मते मीटिंगमध्ये आधी गेटजवळ एक कुलपाचं कपाट आणि एक वही मागा: आलं कधी, कुठल्या घराचं, नेलं कुणी, सही. पण वॉचमनवर हे काम नुसतं ढकलू नका. त्याला गेटही सांभाळायचं असतं, आणि हरवल्यावर बोलणी त्यालाच बसतात. जबाबदारी कुणाची, ते लिहून ठरवा.

पैसे असतील तर पार्सल लॉकर उत्तम. कुरिअरवाला कप्प्यात ठेवून जातो, आपल्याला कोड येतो, आपण सवडीने काढतो. जर्मनीत डीएचएल या कुरिअर कंपनीचे असे लॉकर २००१ पासून आहेत, तेव्हा "ही नवी थेरं कशाला" म्हणणाऱ्यांना तेवढं सांगा.

रिकामे खोके टाकताना नाव-फोन असलेली चिठ्ठी फाडून टाकत जा.

पट्टा मी पुन्हा मागवलाय, हातात द्यायची सूचना लिहून. पहिल्याची तक्रारही नोंदवली आहे. त्यासाठी कुणाचाही फोन आला, तरी तुम्ही काही सांगायचं नाही. माझा नंबर द्या.

तुमची,
लेक