तडजोडीवर पुन्हा तडजोड?

मा. विधी व न्याय मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,

सविनय नमस्कार.

माझी दरखास्त येत्या लोक अदालतीत ठेवली असून उभय पक्षांनी हजर राहून सामोपचाराने वाद मिटवावा, अशी नोटीस मला काल मिळाली. महोदय, ही दरखास्त ज्या निवाड्याच्या अंमलबजावणीसाठी आहे, तो निवाडाच मुळी लोक अदालतीतल्या तडजोडीचा आहे. मोडलेल्या तडजोडीबद्दल दाद मागायला गेलेल्या माणसाला पुन्हा तडजोडीचेच आवतण आले आहे.

भागीदारी मोडल्यावर भागीदाराकडून माझ्या वाट्याची रक्कम मिळेना, म्हणून मी दावा लावला. आठ वर्षांनी, सगळ्यांनी समजावल्यावर, मी व्याज सोडले, मुद्दलाचा तिसरा हिस्सा सोडला आणि पाच हप्त्यांवर सही केली. पॅनेलसमोर हस्तांदोलन झाले, छायाचित्रही निघाले. पहिला हप्ता आला. दुसऱ्याचा धनादेश वटला नाही. त्या हप्त्यांच्या भरवशावर आखलेले मुलीचे शिक्षण अखेर कर्जावर झाले. ते ती आता स्वतःच्या पगारातून फेडते, आणि तिचा हप्ता एकदाही चुकलेला नाही.

दरखास्तीला चार वर्षे झाली, तारखा एकतीस. जप्तीचे वॉरंट घेऊन बेलीफ गेले, तेव्हा मीही सोबत गेलो होतो. दाराला कुलूप होते, पण ओसरीतल्या दोरीवरच्या कपड्यांतून पाणी ठिबकत होते. अहवालात आले ते एवढेच : "घर बंद, ऋणको मिळून आला नाही." ठिबकणाऱ्या पाण्यासाठी त्या छापील नमुन्यात रकाना नसावा.

विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम २१ नुसार लोक अदालतीचा निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही. हे अंतिमत्व मला पुरेपूर लागू झाले, कारण सोडलेले व्याज मला आता मागता येत नाही. माझ्या ऋणकोला मात्र ते कुठेच आडवे आलेले दिसत नाही. दरखास्त सहा महिन्यांत निकाली काढावी, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सांगितले. सहा महिने मोजण्याची खालची रीत बहुधा निराळी असावी. हुकूमनामा, म्हणजे न्यायालयाचा निकालाचा आदेश, हाती आला की भारतातल्या पक्षकाराच्या खऱ्या अडचणी सुरू होतात, हे प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश काळातल्या सर्वोच्च अपील न्यायालयाने, १८७२ मध्येच म्हटले होते. ऑक्टोबर २०२५ मध्ये देशात आठ लाखांवर दरखास्ती प्रलंबित असल्याच्या बातम्या आल्या, आणि त्यांत सर्वाधिक आपल्याच राज्यातल्या होत्या.

प्रत्येक लोक अदालतीनंतर किती प्रकरणे निकाली निघाली, हे आपण अभिमानाने जाहीर करता. त्यांतल्या किती जणांच्या हाती पैसे पडले, हे कधी जाहीर झालेले माझ्या वाचनात नाही. माझा दावा त्या आकड्यात एकदा मोजून झाला आहे. आता दरखास्तही मिटवली, तर तोच वाद दुसऱ्यांदा "निकाली" निघेल.

माझे मागणे मोठे नाही. तडजोडीच्या वेळीच देणाऱ्याकडून मालमत्तेचे शपथपत्र घ्यावे, आणि हप्ता चुकताच सोडलेल्या व्याजासह सारी रक्कम वसूल होईल, अशी अट प्रत्येक तडजोडपत्रात बंधनकारक करावी.

नोटिशीत सकाळी साडेदहाची वेळ दिली आहे. मी हजर राहीन. तोवर ऋणको कुणाला मिळून आला, तर मला कळवावे.

आपला,
एक हुकूमनामाधारक