जलवाहिनीचा उभा छेद आधी दाखवा

महोदय,

ठाण्याची वस्ती येऊरच्या पायथ्याला भिडली आहे आणि मुंब्र्यात घरे डोंगरउतारावर चढली आहेत. तेथील रहिवाशांची नव्या जलवाहिन्यांची मागणी रास्तच आहे. मात्र अशा कामांची चर्चा व्यास, लांबी आणि खर्च यांपुढे क्वचितच जाते. वाहिनी कोठे किती उंचीवरून जाणार, हे तिच्या उभ्या छेदाच्या आराखड्यात दिसते; पण ते नागरिकांना कळत नाही.

डोंगराळ भागात तर सारे याच उंचीवर अवलंबून असते. १८९२ पासून तानसाचे पाणी मुंबईला मिळते ते गुरुत्वाकर्षणाच्या बळावर. वाहिनी दरीत दहा मीटर उतरली की दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलोने वाढतो; त्यामुळे तळाशी जाड पत्रा, वळणांवर काँक्रीटचे भक्कम ठोकळे आणि गाळ सोडण्यासाठी स्कोअर व्हॉल्व्ह लागतात. उंचवट्यावर हवा अडकून प्रवाह आखडतो, म्हणून तेथे एअर व्हॉल्व्ह हवेत. वाहिनी रिकामी होताना तेच व्हॉल्व्ह बाहेरची हवा आत घेतात, आणि त्यांचे चेंबर गढूळ पाण्याने भरलेले असेल तर हवेऐवजी ते पाणीच आत ओढले जाते. आमच्या वसाहतीच्या चढावरील असे एक चेंबर मी अख्खा पावसाळाभर तुंबलेले पाहिले आहे. त्याच वाहिनीचे पाणी आमची मुले पितात.

दुसरा प्रश्न नोंदींचा. ठाण्यात कूपनलिका खोदताना मुंबईच्या जलबोगद्याला इजा झाली आणि दुरुस्तीसाठी मार्च २०२३ अखेरपासून मुंबईत १५ टक्के पाणीकपात करावी लागली. खडकाच्या पोटातून बोगदा नेणारे अवघड काम वर्षानुवर्षे चालते. ते निकामी करायला खोदाईचे एक यंत्र पुरते, कारण वर उभ्या असलेल्या माणसाला खाली काय आहे हे ठाऊक नसते.

म्हणून पालिकेला विनंती आहे की, निविदा काढण्यापूर्वी प्रत्येक नव्या वाहिनीचा उभा छेद, ज्याला अभियंते एल-सेक्शन म्हणतात, प्रभाग कार्यालयात लोकांना पाहण्यासाठी लावावा आणि त्यावर प्रत्येक व्हॉल्व्हची जागा व तेथवर पावसाळ्यातही पोहोचता येईल अशी वाट दाखवावी. तसेच जलवाहिन्या व जलबोगद्यांच्या नकाशाशी जागा पडताळल्याशिवाय कूपनलिकेला परवानगी देऊ नये आणि विनापरवाना खोदाई करणाऱ्याचे यंत्र जप्त करावे.

– एक ज्येष्ठ नागरिक, ठाणे (पश्चिम)