बाल्कनीतला फोटो

चि. सायलीस,
अनेक आशीर्वाद.

परवा तू फोन आपटलास, ते योग्यच केलंस. निळ्या ड्रेसमधला तुझा फोटो, खाली भलतंच नाव, आणि त्या नावानं कुणीतरी परक्या माणसांशी बोलतंय, हे पाहिल्यावर माझं तोंड सुटलं ते तुझ्यावरच. भीतीनं सुटलं. तक्रार करण्याआधी तू त्या खात्याची लिंक आणि तारखेसकट स्क्रीनशॉट जपून ठेवलेस, हे दादाकडून कळलं. एवढ्या घाईत हे सुचलं तुला!

बाल्कनीतला फोटो काढून टाकलास का पण? तो तू मला डॉक्युमेंट म्हणून पाठवला होतास. काल रात्री त्याची माहिती उघडली. सकाळचे ७:४२, फोनचं मॉडेल, आणि खाली नकाशा. खूण थेट तुझ्या इमारतीवर. बराच वेळ झोप लागली नाही. दादा म्हणतो, बहुतेक मोठ्या ॲपवर फोटो चढवला की ही माहिती गळून पडते. असेल. ईमेलनं किंवा डॉक्युमेंट म्हणून गेलेल्या फाइलमध्ये मात्र ती तशीच राहते. आणि माहिती गळाली तरी मागची पाण्याची टाकी आणि दुकानाची पाटी कुठं गळते? कॅमेऱ्याची लोकेशनची परवानगी आजच बंद कर.

कोपऱ्यात नाव टाकून उपयोग नाही, कोपरा कापता येतो. टाकायचंच तर अंगावरून जाईल असं टाक. राइट क्लिक बंद केलं तरी स्क्रीनशॉट कोण अडवणार? म्हणून जे चढवशील ते लहान आकाराचं चढव, आणि अधूनमधून आपलाच फोटो देऊन इमेज सर्च करून बघत जा. जुन्या अल्बमच्या शेअर केलेल्या लिंका बंद कर. पासवर्डबरोबर दुसरी पायरी… बघ, पुन्हा सुरू झालो. राहू दे.

हिरवा अल्बम आठवतो? ३६ फोटोंचा रोल संपायला महिने लागायचे. तू पहिल्यांदा उभी राहिलीस तेव्हा शेवटचे दोनच उरले होते, आणि आजी म्हणाली, दोन्ही हिलाच. त्या निगेटिव्हच्या पट्ट्या ती ट्यूबलाइटसमोर धरून बघायची आणि पुन्हा कपाटात ठेवायची. कुणाला प्रत हवी असली तर आपल्याकडंच यावं लागायचं. आता तुझी पूर्ण आकाराची मूळ फाइल म्हणजे ती निगेटिव्ह. फोटो तुझा आहे हे दाखवायची वेळ आली तर तीच कामाला येईल. कुणाला देऊ नकोस, मलाही नको.

मलाही नको, कारण एक सांगायचं राहिलंय. तुझ्या खात्यावर तो निळ्या ड्रेसमधला फोटो फक्त ओळखीच्यांना दिसत होता, हे मी काल तपासलं. मग माझं खातं तपासलं. तुझा निकाल लागला त्या दिवशी मी तो लावला होता, तू पाठवलेला तसाच्या तसा, पूर्ण आकाराचा, सगळ्या जगाला दिसेल असा. आत्यानं आणि तिच्या मैत्रिणींनी तो पुढं पाठवला, तेव्हा केवढा आनंद झाला होता मला. तुला न विचारता लावला. ओरडलो मात्र तुझ्यावर.

काल रात्रीच काढला. आधी गेलेल्या प्रती परत येणार नाहीत, हे समजतंय मला.

बाल्कनीतला काढलास की "काढला" एवढंच कळव. फोन नाही केलास तरी चालेल.

तुझे
बाबा