अजाईल आणलं, पण 'आता पुरे' म्हणायची मुभा कुठंय?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

हिंजवडी, खराडी, मगरपट्टा, कुठंही जा, 'आम्ही अजाईल आहोत', म्हणजे काम छोट्या छोट्या टप्प्यांत करून गरजेप्रमाणे बदलत जातो, हे ऐकायला मिळतंच आणि आता तर बँका, इन्शुरन्सवाले, चाकणकडचे पार्ट बनवणारे कारखानेसुद्धा ऑफिसात स्क्रम (अजाईलची एक ठरलेली पद्धत), स्प्रिंट (तिच्यातला काही आठवड्यांचा कामाचा टप्पा), स्टँडअप (टीमची रोजची छोटी मीटिंग) सुरू करायला लागलेत. करा की, चांगलंच आहे. पण सगळं सामान आत आणून मुख्य गोष्ट गेटबाहेरच ठेवलीय असं बऱ्याच ठिकाणी दिसतं, म्हणून हे पत्र.

मुख्य गोष्ट म्हणजे एका स्प्रिंटमध्ये किती काम घ्यायचं हे प्रत्यक्ष काम करणारी माणसं प्रॉडक्ट ओनरशी, म्हणजे कोणतं काम आधी हवं ते सांगणाऱ्या माणसाशी, बोलून ठरवणार. हे माझ्या मनचं नाहीये. केन श्वेबर आणि जेफ सदरलँड यांचं स्क्रम गाईड नेटवर फुकट मिळतं, 2020 ची आवृत्ती पंधरा पानांच्या आत संपते, त्यात हे सरळ लिहिलंय, आणि स्प्रिंटच्या ध्येयाला धक्का लागेल असा बदल मधेच करायचा नाही हेही लिहिलंय. आपल्याकडे होतं काय, तारीख सेल्सने क्लायंटला आधीच देऊन टाकलेली असते, कामाची यादी वरून येते, माणसं तेवढीच, आणि मग स्प्रिंट प्लॅनिंग नावाची दोन तासांची मीटिंग कशासाठी तर जे ठरलंच आहे त्याला सगळ्यांनी मान डोलवायची.

स्टँडअपचं तर विचारूच नका. पंधरा मिनिटांत टीमने आपसात आजचा दिवस कसा काढायचा हे ठरवायचं, एवढंच ते असतं. इथं मॅनेजर जिरा, म्हणजे कामांची नोंद ठेवायचं सॉफ्टवेअर, स्क्रीनवर लावून एकेकाचं नाव घेतो, काल काय केलं, आज काय करणार, शाळेतल्या हजेरीसारखं, आणि जो तो आपला नंबर झाला की म्यूट करून मेल बघतो. आमच्याकडे एक टेस्टर मुलगी रोज सांगायची की टेस्ट सर्व्हर चालत नाहीये, रोज तिला उत्तर 'ते आपण ऑफलाइन घेऊ'. ऑफलाइन कुणी कधी घेतलं नाही. पुढं तीही 'नो ब्लॉकर्स', म्हणजे काही अडलेलं नाही, म्हणायला लागली, आणि रिपोर्टमध्ये टीमच्या अडचणी कमी झाल्या असं हिरव्या रंगात आलं!

स्टोरी पॉइंटचंही तेच. हे पॉइंट म्हणजे काम केवढं मोठं आहे त्याचे आकडे, ते टीमने स्वतःच्या अंदाजासाठी वापरायचे, स्क्रम गाईडमध्ये तर ते नाहीतच. पण एकदा का वरून विचारणा झाली की मागच्या वेळी तीस पॉइंट केले, यावेळी चोवीसच का, की पोरं हुशार असतात, तीनचं काम पाचचं होतं, वेग वाढलेला दिसतो, काम आहे तिथंच.

आता माझं जरा वेगळं सांगतो. आयटीत यायच्या आधी माझी बरीच वर्षं भोसरीच्या मशीन शॉपमध्ये गेली. तिथं कानबान, म्हणजे कार्डांवर चालणारी कामाची पद्धत, होतं, तेच टोयोटाच्या ताइइची ओनो यांचं, जे आता सॉफ्टवेअरवाले बोर्डवर रंगीत चिठ्ठ्या लावून करतात. आमच्याकडे प्रत्येक बिनला, म्हणजे पार्ट ठेवायच्या डब्याला, प्लास्टिकच्या पाकिटात एक कार्ड, त्यावर पार्ट नंबर आणि बिनमध्ये नग किती ते. पुढच्या स्टेशनने बिन रिकामा केला की कार्ड मागं यायचं, मग लेथवाल्याने तेवढेच नग करायचे. कार्ड नाही तर काम नाही. मशीन मोकळं उभं, ऑपरेटर चहा पितोय, हे बघून नव्या सुपरवायझरचा जीव वरखाली व्हायचा, पण जुना फोरमन सांगायचा, साहेब, नको असलेला माल करून ठेवला तर उद्या पाय ठेवायला जागा राहणार नाही. दहावी पास माणसाला कळलेलं होतं की कार्ड मोजकी आहेत म्हणूनच ही सिस्टीम चालते.

आणि आमच्या एसी ऑफिसातल्या बोर्डावर? 'इन प्रोग्रेस'च्या रकान्यात चिठ्ठ्यांवर चिठ्ठ्या, एकेका माणसाच्या नावावर चार-चार, शुक्रवारी संध्याकाळी 'छोटंसंच आहे' म्हणत आणखी एक येते आणि घ्यावी लागते कारण नाही म्हणणारा अप्रेझलला 'टीम प्लेयर नाही' ठरतो. रकान्याला मर्यादा घाला म्हटलं की उत्तर येतं, पण मग माणसं रिकामी बसतील ना!

फिक्स्ड प्राईस कॉन्ट्रॅक्ट आहे, क्लायंट परदेशात आहे, तारीख हलत नाही, हे मॅनेजर लोकांचं म्हणणं खोटं नाही, त्यांच्याही डोक्यावर कुणीतरी बसलेलं असतं. पण तारीख घट्ट असेल तर कामाची यादी सैल ठेवावी लागते, त्यातलं आधी काय हवं आणि काय मागं राहिलं तरी चालेल हे क्लायंटशी बोलून ठरवावं लागतं. 2001 साली अमेरिकेत युटामध्ये सतरा जण जमले आणि अजाईलचा जाहीरनामा लिहिला, त्यात कराराच्या घासाघिशीपेक्षा ग्राहकासोबत मिळून काम करण्याला जास्त किंमत आहे असं आहेच की. ते बोलणं अवघड असतं म्हणून कुणी करत नाही, त्यापेक्षा टीमला दोन दिवसांचं ट्रेनिंग आणि सर्टिफिकेट देणं सोपं.

तुमच्या पेपरच्या नोकरीविषयक पानावर 'अजाईलचा अनुभव आवश्यक' अशा जाहिराती असतात. तिथं मुलाखतीला जाणाऱ्या मुलामुलींनी समोरच्याला एवढंच विचारावं, तुमच्याकडे स्प्रिंटमध्ये काम किती घ्यायचं ते कोण ठरवतं, आणि अलीकडे टीमने 'आता पुरे' म्हटलं तेव्हा काय झालं? समोरचा एखादा खरा किस्सा सांगायला लागला तर जरूर जॉइन व्हा. 'तशी वेळच येत नाही आमच्याकडे' म्हणाला तर निदान पगार तरी वाढवून मागा.

आपला,
एक नोकरदार वाचक, वाकड, पुणे