नाणेघाटला नेता, पण नाणेघाट दाखवत नाही

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा सुरू झाला की पुण्यातून दर शनिवार-रविवारी वन डे ट्रिपच्या बसेस सुटतात, तुमच्या पेपरमध्येही त्यांच्या जाहिराती येतात, म्हणून हे पत्र तुम्हालाच लिहितेय. ऑगस्टच्या पहिल्या रविवारी मी, आमचे हे आणि माझी भाची असे तिघं अशाच एका ट्रिपला गेलो होतो, जुन्नर-नाणेघाट-शिवनेरी, माणशी बाराशे रुपये, नाश्ता जेवण आणि "अनुभवी गाइड" सहित. कंपनीचं नाव लिहीत नाही कारण त्यांच्यावर राग काढायला हे पत्र नाहीये, आणि ओळखीच्यांना विचारलं तर बहुतेकांचा अनुभव थोड्याफार फरकाने असाच आहे.

सकाळी सहाला शिवाजीनगरहून बस निघाली. चाकण मागे पडलं, राजगुरुनगर आलं, गाइड माइकवर अंताक्षरी घेत होता. हुतात्मा राजगुरूंचं जन्मगाव हे, त्यांचा वाडा इथे आहे, बसमध्ये पंधरा-वीस शाळकरी मुलं होती, त्यांना एका वाक्यात सांगता आलं असतं. मंचर गेलं, नारायणगाव गेलं, टोमॅटोच्या क्रेट भरलेल्या पिकअप रांगेने उभ्या होत्या, तमाशाची पंढरी म्हणतात ते गाव हेच, तेही कुणाला कळलं नाही. जुन्नर सोडून पश्चिमेला वळलं की मात्र बोलायची गरजच पडत नाही. माणिकडोह धरणाचं पाणी रस्त्याला लागून सोबत येतं, लावणी उरकलेली भातखाचरं पोपटी झालेली असतात, वरच्या उतारावर नाचणी, मध्येच हिरड्याची झाडं, आणि ढग थोडा बाजूला झाला की चावंड किल्ल्याचा काळा कातळ एकदम समोर उभा राहतो. माझी भाची खिडकीला नाक लावून बसली होती, तिने विचारलं, आत्या हे पाणी कुणाला मिळतं? मला माहीत नव्हतं, मी गाइडला विचारलं, तो म्हणाला मॅडम ते धरण आहे.

पूर गावातलं कुकडेश्वराचं देऊळ कार्यक्रमात छापलेलं होतं, कुकडी नदी तिथल्याच परिसरात उगम पावते आणि दगडी कोरीवकामासाठी ते देऊळ बघण्यासारखं आहे असं मी घरून वाचून गेले होते. ते "टाइम नाही" म्हणून गाळलं. अकराच्या सुमाराला नाणेघाटच्या पठारावर पोचलो. तिथे सांगितलं की दीड तास रिव्हर्स वॉटरफॉल, मग वीस मिनिटं गुहा, मग जेवण.

धबधबा सुंदर आहे यात वादच नाही. कोकणातून येणारा वारा सह्याद्रीच्या भिंतीवर आपटून वर चढतो आणि खाली पडणारं पाणी परत वर उडवतो, अंगावर ते तुषार आले की म्हाताऱ्या माणसालाही लहान झाल्यासारखं वाटतं, लोक फोटो काढणारच. पण ज्याच्यासाठी ही जागा दोन हजार वर्षं ओळखली जाते ती गुहा दोन मिनिटं खाली उतरल्यावर आहे आणि तिच्यासाठी वीस मिनिटं! त्यातली सातआठ चढ-उतारातच गेली कारण पायऱ्या ओल्या होत्या. आणि गुहेत उभं राहून आमच्या गाइडने चाळीस माणसांना सांगितलं की ही गुहा शिवाजी महाराजांच्या काळातली आहे, मावळे इथे पहारा द्यायचे, आणि भिंतीवर जे आहे ते "जुन्या भाषेत काहीतरी लिहिलंय". मला त्या पोराचा राग नाही आला, जेमतेम बावीस वर्षांचा असेल, रोजावर येतो म्हणाला, ऑफिसने व्हॉट्सअॅपवर एक मेसेज दिलेला तोच वाचत होता. पण पोटात तुटलं.

आता तिथे खरं काय आहे ते लिहिते, कारण हे पत्र छापलंत तर निदान वाचणाऱ्यांना तरी कळेल. हा घाट म्हणजे सातवाहनांच्या काळातला व्यापारी रस्ता. सोपारा, कल्याणच्या बंदरात उतरलेला माल या घाटाने वर चढून जुन्नरला आणि पुढे पैठणला जायचा, वर तो मोठा दगडी रांजण आहे त्यात जकातीची नाणी टाकत असं सांगतात. गुहेच्या डाव्या आणि उजव्या भिंतीवर ब्राह्मी लिपीत प्राकृतातला लेख आहे, दोन्हीकडे दहा-दहा ओळी, सातवाहन राणी नागनिकेचा म्हणून तो ओळखला जातो. कोणकोणते यज्ञ केले, अश्वमेध, राजसूय, आणि दक्षिणा म्हणून गायी किती, हत्ती किती, घोडे किती, कार्षापण नाणी किती, याचा सगळा हिशोब त्यात आहे. हिशोब म्हटलं की आकडे आले, आणि आपल्या देशातल्या जुन्यातल्या जुन्या आकड्यांपैकी काही इथे कोरलेले आहेत. शून्य तेव्हा नव्हतं, शंभराला वेगळं चिन्ह, हजाराला वेगळं. मी बँकेत एकतीस वर्षं आकड्यांमध्येच काढली, त्यामुळे माझा जीव तिथे जास्त अडकला असेल, पण मला वाटतं कुणाचाही अडकेल, कुणी सांगितलं तर.

आणि मराठीचं म्हणाल तर या लेखात "महारठि" असा शब्द आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, आपण सगळ्यांनी पेढे वाटले, स्टेटस ठेवले, त्या मागणीत जे पुरावे दिले होते त्यात नाणेघाटचा हा लेख होता. आणि आपण तिथे जाऊन त्याच्याकडे पाठ करून सेल्फी काढतो.

हे सगळं मी घरून वाचून गेलेले, पण वाचलेलं वेगळं आणि दाखवलेलं वेगळं. ते दाखवलं तिथल्याच घाटघर गावच्या एका मुलाने. त्याची आई पठारावर मक्याची कणसं भाजत बसलेली, मी कणीस घेता घेता सहज म्हटलं की मावशी गुहेतलं काहीच कळलं नाही हो, तर त्या म्हणाल्या थांबा ताई, आमच्या पोराला पाठवते, त्याला लय माहिती आहे. जुन्नरला कॉलेजात शिकतो. जेवणावर पाणी सोडून आम्ही तिघं त्याच्याबरोबर परत खाली उतरलो.

गुहेत गेल्यावर त्याने मोबाइलचा टॉर्च लावला आणि समोरून न धरता भिंतीला जवळजवळ चिकटवून आडवा धरला. आणि एकदम अक्षरं उठून आली हो! मघाशी जिथे नुसती खरबरीत ओली भिंत दिसत होती तिथे ओळीच्या ओळी, प्रत्येक अक्षराला सावली. भाचीच्या अंगावर काटा आला, तिने मला हात दाखवला. मग त्याने समोरच्या भिंतीशी नेलं आणि म्हणाला खाली बघा, पावलं दिसतात का. इथे कोरलेल्या मूर्ती होत्या, सातवाहन घराण्याच्या, सिमुक, राणी नागनिका आणि राजा सातकर्णी, राजपुत्र, नागनिकेचे वडील महारठी त्रणकयिर, वर त्यांची नावं कोरलेली, मूर्ती सगळ्या गेल्या, आता पावलांच्या खुणा तेवढ्या राहिल्यात. चाळीस माणसांनी ज्या जागेवर ओल्या छत्र्या टेकवल्या होत्या त्या जागी. तो पोरगा खाली बसला, कुणीतरी टाकलेली चिप्सची दोन पाकिटं उचलून खिशात घातली, आणि मग बोलायला लागला. ते पाकीट उचलणं माझ्या डोळ्यासमोरून जात नाही.

त्याने भाचीच्या प्रश्नाचंही उत्तर दिलं. माणिकडोहचं पाणी कालव्याने पूर्वेला जातं, कुकडी प्रकल्पावर पुणे, नगर, पार सोलापूर जिल्ह्यापर्यंतची शेती भिजते, आणि धरणाच्या वरच्या अंगाला त्यांच्या गावात पावसाचं एक भाताचं पीक, मग थोडा हिरडा गोळा करायचा, आणि बाकीचं वर्ष नारायणगावच्या बाजूला मजुरीला. पावसाळ्यात रविवारी एवढ्या गाड्या येतात पण गावाला मिळतं काय, तर कणसं, मॅगी आणि चहा. "गाइड म्हणून कधी कुणी विचारत नाही ताई, बसवाले त्यांचा माणूस घेऊनच येतात." हे तो कुरकुर म्हणून नाही बोलला, सहज बोलला, म्हणून जास्त लागलं. मी पाचशे रुपये द्यायला लागले तर घेईना, शेवटी आईच्या हातात ठेवले तेव्हा ठेवून घेतले.

संपादक साहेब, माझं म्हणणं एवढंच आहे. जुन्नरला सरकारने २०१८ मध्ये पर्यटन तालुका म्हणून जाहीर केलं, राज्यातला पहिला. मग तिथे बाहेरून येणाऱ्या प्रत्येक ट्रिपच्या बसने गावातला एक माणूस गाइड म्हणून घ्यायचाच असा नियम का होत नाही? ताडोबाला गेलं तर जिप्सीत स्थानिक गाइड घेतल्याशिवाय आत सोडत नाहीत, तो आसपासच्या गावातला असतो, त्याचे पैसे ठरलेले असतात, कुणी तक्रार करत नाही. कासला २०१२ मध्ये जागतिक वारशाचा शिक्का बसल्यानंतर गर्दी लोटली तर आजूबाजूच्या गावांच्या समित्यांनी प्रवेश फी लावली, माणसं मोजून सोडायला सुरुवात केली, पठारावर गावातलीच माणसं उभी असतात. मग नाणेघाटात काय अवघड आहे? चाळीस जणांच्या बसने माणशी वीस रुपये काढले तरी आठशे होतात, बाराशेच्या ट्रिपमध्ये ते कुणाला कळणारही नाहीत, आणि घाटघरच्या दहा-पंधरा पोरापोरींना पावसाळ्यात तरी नारायणगावला जावं लागणार नाही. पर्यटन विभागाने आणि पुरातत्त्ववाल्यांनी मिळून त्यांना आठ दिवसांचं ट्रेनिंग द्यावं, ब्राह्मीची अक्षरं ओळखायला शिकवावं, ओळखपत्र द्यावं. स्मारक केंद्राच्या पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे, म्हणजे विचारायचं कुणाला हा प्रश्न नाही.

एक भीतीही आहे ती मोकळेपणाने लिहिते. उद्या असा नियम झाला तर ओळखपत्रं पुण्यातल्याच लोकांनी काढून घेऊ नयेत. गाइड घाटघर आणि शेजारच्या वाड्या-वस्त्यांतलाच हवा, मुली असतील तर फारच छान. त्यांना हिरडा कधी झोडायचा ते माहीत आहे, जीवधन किल्ल्याला ढग चिकटला की किती वेळात पाऊस येतो ते माहीत आहे, कुठली वाट निसरडी ते माहीत आहे, त्या दिवशी आमच्या बसमधल्या एक आजी उतरताना घसरल्या तेव्हा धावत गेला तो कणीसवाल्या मावशींचा मुलगाच, गाइड वर मोजणी करत होता.

ट्रिपवाल्यांनाही विनंती आहे. एका दिवसात चार ठिकाणं छापू नका. शिवनेरीवर आम्ही साडेचारला पोचलो, धावत शिवजन्मस्थानापर्यंत गेलो, हात जोडले आणि धावत खाली, ज्या जागेसमोर माणसाने शांत उभं राहावं तिथे शिट्टी वाजत होती की बस सुटतेय. त्यापेक्षा दोनच ठिकाणं दाखवा, लोक तेवढेच पैसे देतील, मी तरी देईन.

तुमच्या पेपरात सहलींच्या पुरवणीत जेव्हा जेव्हा नाणेघाटवर लेख येईल तेव्हा धबधब्याच्या फोटोबरोबर गुहेतल्या शिलालेखाच्या दोन ओळींचाही फोटो छापा, टॉर्च आडवा धरून काढलेला.

आम्ही दिवाळीनंतर परत जातोय, आमच्या सोसायटीतली चार घरं तयार झालीत, स्वतःच्या गाड्या घेऊन. त्या मुलाला फोन केला तर म्हणाला तेव्हा धबधबा नसेल हां ताई, भात कापणीला आलेला असेल, पण चावंड आणि कुकडेश्वर सावकाश दाखवतो, आणि जेवण आमच्याकडेच करा, आई मासवडी करेल.

आपली,
एक वाचक, कोथरूड, पुणे