जहाजावर माणसं किती, हे आधी विचारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पर्यटन पुरवणीत स्वालबार्ड या नॉर्वेच्या आर्क्टिकमधल्या द्वीपसमूहाच्या क्रूझवरचा लेख आणि त्याच पानावरच्या जाहिराती वाचल्या. 'मध्यरात्रीचा सूर्य, नॉर्दर्न लाइट्स आणि ध्रुवीय अस्वल, सगळं एकाच जुलैत' असं त्यात छापलं आहे. स्वालबार्डच्या लाँगइयरब्येन या मुख्य गावी साधारण 20 एप्रिल ते 22 ऑगस्ट सूर्य मावळतच नाही. आभाळ काळोखं झाल्याशिवाय नॉर्दर्न लाइट्स दिसणार कुठून? सप्टेंबरात रात्र परत येते, तेव्हा थोडीफार आशा धरावी. ही चूक किरकोळ म्हणून सोडूनही देता येईल. पण अशा सफरींची आखणी करताना आमच्या लक्षात येतं, की लोक बाल्कनी, जेवण आणि किती रात्री याची खोदून चौकशी करतात आणि ज्यावर सफर बनते किंवा बिघडते ते विचारायचं राहून जातं.

पहिला प्रश्न प्रवाशांच्या संख्येचा. 1 जानेवारी 2025 पासून नॉर्वेने स्वालबार्डच्या संरक्षित क्षेत्रांत 200 पेक्षा जास्त प्रवासी असलेल्या जहाजांना बंदी केली आहे, आणि या क्षेत्रांत किनाऱ्यावर उतरायला फक्त 43 ठिकाणं ठरवून दिली आहेत. ही क्षेत्रं म्हणजे द्वीपसमूहाची जवळजवळ दोन तृतीयांश जमीन आणि भोवतालचा बहुतेक सारा समुद्र. दोन-तीन हजार प्रवाशांचं जहाज लाँगइयरब्येनच्या धक्क्याला लागतं, प्रवासी गावातल्या दुकानांतून फिरतात आणि जहाज निघतं. जाहिरातीत मात्र नकाशा साऱ्या द्वीपसमूहाचा छापलेला असतो. आर्क्टिकला जाऊन आलो एवढं सांगायला ती फेरी पुरते. पण वॉलरसांचा (लांब सुळ्यांच्या सागरी प्राण्यांचा) किनारा किंवा आल्कफ्येलेटचा पक्ष्यांनी भरलेला कडा बघायचा, तर लहान जहाजच हवं.

लहानातही फरक आहे. शंभराच्या आत प्रवासी असतील तर सगळे साधारण एकदम किनाऱ्यावर जातात. दीडशे-पावणेदोनशे असतील तर बहुधा दोन तुकड्या पडतात. एक तुकडी उतरते, दुसरी तोवर रबरी होडीतून किनाऱ्याकडेने फिरते, मग अदलाबदल. म्हणजे जमिनीवरचा वेळ निम्म्यावर येतो. दर दिवसाचं भाडं ताडून बघताना हा हिशेब कोणी मांडत नाही. जास्त प्रवाशांचं जहाज स्वस्त दिसतं, पण किनाऱ्यावर मिळणाऱ्या तासांनी भागलं तर ते तसं स्वस्त राहत नाही.

दुसरं व्हिसाचं. स्वालबार्डला जायला व्हिसा लागत नाही, हे खरं आहे. 1920च्या स्वालबार्ड करारात भारतही येतो. पण विमान ऑस्लो किंवा ट्रोम्सोहूनच जातं, आणि नॉर्वेची मुख्य भूमी शेंगेनमध्ये (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात) आहे, स्वालबार्ड नाही. लाँगइयरब्येनकडे निघताना शेंगेनमधून बाहेर पडल्याची नोंद होते आणि परत येताना नव्याने प्रवेश होतो. एकाच प्रवेशाचा व्हिसा असेल तर परतीचा रस्ता बंद, आणि चेक-इनलाच अडवलं जाण्याची शक्यता मोठी. अर्जात 'मल्टिपल एंट्री' मागायची, सोबत क्रूझचं आरक्षण आणि जाण्या-येण्याची दोन्ही तिकिटं जोडायची. व्हिसा हातात आला की 'प्रवेशांची संख्या' हा रकाना त्याच दिवशी वाचायचा. एजंटने केलेला अर्ज असला तरी रकाना आपणच वाचायचा.

विम्याचं दुखणं याच्याच पोटातलं. शेंगेन व्हिसासाठी किमान 30,000 युरोचा वैद्यकीय विमा लागतो. तो काढला की काम झालं असं लोक धरून चालतात. त्या पॉलिसीत भौगोलिक हद्द फक्त 'शेंगेन देश' अशी लिहिली असेल तर नेमक्या जहाजावरच्या दिवसांना विमा लागू होतो का, हा वादाचा मुद्दा होतो. हद्दीत स्वालबार्ड किंवा 'संपूर्ण जग' असं लिहून घ्यावं. रकमेचाही विचार हवा. लाँगइयरब्येनचं रुग्णालय छोटं आहे, गंभीर रुग्णाला विमानाने ट्रोम्सोला न्यावं लागतं आणि जहाजावरून त्याआधी हेलिकॉप्टर. धुकं असेल तर तेही थांबतं. म्हणून 'इमर्जन्सी इव्हॅक्युएशन'ची रक्कम वेगळी बघावी. बऱ्याच जहाज कंपन्या एक लाख डॉलर किंवा त्याहून जास्त मागतात. रक्तदाब, मधुमेह, जुनी अँजिओप्लास्टी फॉर्मात लपवून हप्ता वाचतो, दावा मात्र बुडतो. जहाजाचा वैद्यकीय फॉर्मही तितकाच खरा भरावा, कारण जहाजावर डॉक्टर एक आणि खाटा मोजक्या.

आता छापील कार्यक्रमाबद्दल. 'चौथा दिवस : मोनॅको हिमनदी, पाचवा दिवस : हिनलोपेन सामुद्रधुनी' असं जे लिहिलेलं असतं तो इरादा असतो, वेळापत्रक नव्हे. नॉर्वेचं हवामान खातं कामाच्या दिवशी बर्फाचा नकाशा काढतं. तो, वारा आणि धुकं बघून कप्तान आणि मोहीमप्रमुख रोज संध्याकाळी दुसऱ्या दिवसाचं ठरवतात, आणि सकाळी ते पुन्हा बदलतं. जूनमध्ये उत्तर आणि पूर्व किनारे बहुधा बर्फाने अडलेले असतात. मुख्य बेटाला पूर्ण वळसा घालायचा असेल तर जुलैचा उत्तरार्ध आणि ऑगस्ट बरा. जूनमध्ये त्याबदल्यात डोंगरांवर बर्फ असतो आणि फ्योर्डांच्या (डोंगरांमध्ये शिरलेल्या अरुंद खाड्यांच्या) आतल्या टोकाशी गोठलेला समुद्र बघायला मिळतो. मार्ग बदलला म्हणून पैसे परत मिळत नाहीत, हे करारातच लिहिलेलं असतं. परतल्यावर एजंटशी भांडण्यात अर्थ नसतो. भांडायचंच तर 'हमखास' हा शब्द छापणाऱ्याशी, आणि तेही पैसे भरण्याआधी.

मार्ग बदलणारा कप्तान भित्रा नसतो. हिमनद्या मागे सरकत आहेत आणि सागरी नकाशांवर जिथे बर्फ दाखवला आहे तिथे आज पाणी आहे. त्या पाण्याखालचा तळ पुष्कळ ठिकाणी मोजलेलाच नाही. 11 सप्टेंबर 2023 रोजी ईशान्य ग्रीनलंडच्या आल्पेफ्योर्डमध्ये 'ओशन एक्सप्लोरर' हे जहाज 206 जणांसह तळाला रुतलं. डेन्मार्कच्या नौदलाचं मदतीला निघालेलं जहाज दोन हजार किलोमीटरच्या आसपास दूर होतं. शेवटी 14 तारखेला भरतीच्या वेळी 'ताराजोक' या मत्स्यसंशोधन जहाजाने त्याला ओढून काढलं. कोणी जखमी झालं नाही, हवामान शांत होतं म्हणून निभावलं. 2017 पासून लागू असलेल्या ध्रुवीय संहितेत (ध्रुवीय समुद्रांतल्या जहाजांच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीत) मदत येईपर्यंत किमान पाच दिवस तग धरता येईल अशी साधनं जहाजावर हवीत, असं म्हटलं आहे. ते उगीच नाही.

अस्वलाचंही एकदा स्पष्ट व्हावं. 1 मार्च ते 30 जून या काळात ध्रुवीय अस्वलापासून 500 मीटर आणि एरवी 300 मीटर अंतर राखणं कायद्याने बंधनकारक आहे. जाहिरातीतलं अस्वल पानभर असतं, प्रत्यक्षात ते पिवळसर ठिपक्यापेक्षा फार मोठं दिसत नाही. त्यासाठी माणशी एक दुर्बीण हवी, कुटुंबात एक नव्हे. हलत्या डेकवर 10 पट दुर्बिणीत चित्र थरथरतं, 8×42 (8 पट, 42 मिलिमीटर भिंगाची) सोयीची पडते. कॅमेऱ्याला 400 मिलिमीटरपर्यंतची लेन्स असली तर उत्तम, पण दुर्बिणीचे पैसे वाचवून ती घेऊ नये. उतरण्याआधी रायफलधारी गाईड पुढे जाऊन उंचवटे तपासतात, आणि अस्वल दिसलं की उतरणं रद्द. जुलै 2018 मध्ये फिप्सोया बेटावर एका क्रूझ जहाजाच्या पहारेकऱ्यावर अस्वलाने हल्ला केला आणि ते गोळीने मारलं गेलं. त्यामुळे 'एवढ्या लांब आलो, पाच मिनिटं तरी उतरू द्या' असा हट्ट गाईडजवळ धरू नये.

सगळ्यात जास्त फजिती होते ती रबरी होडीत चढता-उतरताना, आणि तिची कारणं सामानातच असतात. धक्का नसतो. जहाजाच्या बाजूला सोडलेल्या जिन्याच्या टोकाशी होडी येते आणि लाटेबरोबर वर-खाली होत राहते. दोन्ही हात मोकळे हवेत, म्हणून खांद्याची पर्स किंवा हातातली पिशवी चालत नाही. पाठीवरची पाणीरोधक बॅगच घ्यावी. खलाशी हात पुढे करतो तेव्हा पंजा पंज्यात द्यायचा नाही. त्याचं मनगट आपण धरायचं आणि आपलं त्याने, म्हणजे ओला हातमोजा निसटला तरी पकड सुटत नाही. होडी वर आली की तो 'आता' म्हणतो. तेव्हाच एक पाऊल फुगीर कडेवर, दुसरं आत, आणि लगेच बसायचं. उडी मारायची नाही आणि अर्ध्यावर थांबून विचार करायचा नाही. बसल्या-बसल्या सरकत जायचं, चालकाने सांगितल्याशिवाय उभं राहायचं नाही. किनाऱ्यावर उतरताना होडीचं तोंड वाळूला टेकतं. कडेवर बसून पाय बाहेर टाकायचे आणि घोट्या-पोटरीइतक्या पाण्यात उतरायचं.

म्हणून महागडे ट्रेकिंगचे बूट इथे कुचकामी. दोन अंश तापमानाच्या पाण्यात ते एकदा भिजले की सफर संपेपर्यंत नीट वाळत नाहीत. लागतात ते गुडघ्याखालपर्यंत येणारे, खोल खाचांच्या तळव्याचे गमबूट. बऱ्याच कंपन्या ते सफरीपुरते देतात, पण मापं आधी कळवावी लागतात. नेहमीपेक्षा एक माप मोठं सांगावं. थंडी वाजेल म्हणून दोन-दोन जाड मोजे घालून घट्ट बूट चढवले की पाय आवळला जातो, रक्त पोचत नाही आणि बोटं आणखी गार पडतात. एक जाड लोकरी मोजा आणि बोटं हलवायला जागा पुरते. पावसाळी पँट बुटाच्या बाहेरून सोडायची. ती बुटात खोचली तर मांडीवरून ओघळलेलं पाणी थेट बुटात जमा होतं, आणि पहिल्या दिवशी निम्मे प्रवासी हेच करतात. जुलैत हवा पाच-सात अंश असते, पण धावत्या होडीवर वारा तिला शून्याखाली नेतो. अंगाला लोकरी थर्मल, वर फ्लीस, त्यावर वारा-पाणी अडवणारं जाकीट. जीन्स घरी ठेवावी.

हा सगळा जामानिमा चेक-इन बॅगेत टाकू नये. बॅग ऑस्लोत राहिली तर जहाज तिच्यासाठी थांबत नाही. पहिल्या उतरणीचे कपडे आणि सगळी औषधं हातातल्या सामानात, आणि शक्यतो एक दिवस आधी लाँगइयरब्येनला पोचावं.

किनाऱ्यावर शौचालय नाही आणि खायला परवानगी नाही. उतरणं दोन-तीन तास चालतं. मधुमेहींनी साखरेच्या गोळ्या खिशात असल्याचं गाईडला आधी सांगून ठेवावं. उतरण्याआधी बूट, खिसे, वेल्क्रो आणि कॅमेऱ्याची बॅग ब्रश व व्हॅक्युमने साफ करून घेतात, बाहेरचं बी तिथे रुजू नये म्हणून. 1946च्या आधीची माणसाची प्रत्येक खूण तिथे कायद्याने संरक्षित आहे, मग ती गंजलेली खिळेपट्टी का असेना. आठवण म्हणून काहीही उचलू नये.

बोट लागण्याबद्दल थोडं. फ्योर्डांच्या आत पाणी शांत असतं. स्वालबार्डहून ग्रीनलंडकडे किंवा पुढे आइसलंडकडे जाणाऱ्या सफरीत मात्र उघड्या समुद्राचे दिवस असतात. डॉक्टरांना विचारून घेतलेली गोळी आदल्या रात्रीच घ्यावी, उलट्या सुरू झाल्यावर ती पोटात टिकत नाही. आलेपाकाने बरं वाटतं, पण तो गोळीच्या जागी नको. ज्यांना घाटात गाडी लागते त्यांनी मधल्या भागातली, खालच्या डेकवरची केबिन घ्यावी. ती सगळ्यात कमी हलते आणि स्वस्तही पडते. वरची बाल्कनीवाली सर्वात जास्त झुलते.

खाऊबद्दल : युरोपीय आर्थिक क्षेत्राबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ प्रवासी सामानातून नॉर्वेत नेता येत नाहीत. पेढे, बर्फी, तूप कस्टममध्ये जातील. चकली, चिवडा, लसणीची चटणी बिनधास्त न्यावी. जैन किंवा शुद्ध शाकाहारी जेवण हवं असेल तर दीड-दोन महिने आधी लेखी कळवावं, कारण जहाज एकदा निघालं की वाटेत भाजीबाजार नाही.

आपल्याकडचे प्रवासी स्वालबार्डमधल्या नी-ऑलेसुंड या संशोधकांच्या गावी भारताचं 'हिमाद्री' बघायला मिळेल का, असं विचारतात. गोव्यात वास्कोला असलेल्या राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राचं हे आर्क्टिकमधलं संशोधन-ठाणं 2008 पासून तिथे आहे. जहाज त्या गावी थांबलं तर इमारत बाहेरून बघता येते. ती पर्यटकांसाठी उघडी नसते. दाराशी दोन दगडी सिंह दिसले तर ते चीनचं केंद्र समजावं. गावातल्या रेडिओ-वेधशाळेमुळे 20 किलोमीटरच्या परिसरात वाय-फाय आणि ब्लूटूथ बंद ठेवावे लागतात. घड्याळं आणि इअरफोनही त्यातच आले, ते लोक विसरतात. रस्ता सोडून चालायचं नाही. कडेला जमिनीवरच सुरय पक्ष्यांची घरटी असतात आणि ते डोक्यावर टोचा मारतात. हात डोक्याच्या वर उंच धरून चाललं की ते हाताला टोचतात.

पुढच्या पुरवणीत अशा सफरींच्या जाहिराती घेताना जहाजाची प्रवासीसंख्या, किनाऱ्यावर उतरणं समाविष्ट आहे की नाही आणि लागणाऱ्या व्हिसाचा प्रकार, एवढे तीन तपशील जाहिरातदाराने छापावेत अशी अट आपण घालावी, ही विनंती.

— ध्रुवीय सफरींची आखणी करणारे दोन वाचक, पुणे