पॅलिओच्या नावाखाली पाणी, पाम तेल आणि स्टार्च

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग

विषय : ‘पॅलिओ चेडर’ म्हणून विकल्या जाणाऱ्या चीज स्लाइसच्या पाकिटाबद्दल तक्रार

महोदय,

तुमच्या या पाकिटाबद्दल फोन करून झाला, मेल करून झाला. दोन्हीकडून एकच उत्तर आलं : ‘मॅम, तुमचा फीडबॅक आम्ही संबंधित टीमला कळवला आहे.’ संबंधित टीममध्ये मराठी वाचणारं कुणीतरी असेलच, म्हणून आता सविस्तर लिहिते आहे.

आधी फोनवरच्या मुलाने काढलेला मुद्दा निकालात काढू. तो म्हणाला, ‘मॅम, तसं बघायला गेलं तर चीज पॅलिओत येतच नाही, मग तुमची तक्रार काय?’ येत नाही, हे मला चांगलं ठाऊक आहे. पॅलिओ म्हणजे शेती सुरू होण्याआधीच्या, पुराश्मयुगातल्या माणसासारखं खाणं. अमेरिकेत या आहाराचा प्रसार करणारे लॉरेन कॉर्डेन दूधदुभतं वर्ज्यच सांगतात. पुराश्मयुग संपलं साधारण १२,००० वर्षांपूर्वी आणि गाईगुरं माणसाळली त्यानंतर, तेव्हा त्या काळच्या माणसाच्या पानात चीज कुठून असणार? पण आम्ही शाकाहारी. अंडंसुद्धा नाही. पॅलिओत धान्य बंद, कडधान्य बंद, बटाटा बंद. म्हणजे भाकरी गेली, वरण गेलं, उसळ गेली. आम्हा सांगलीकरांना शाळूची भाकरी सोडायला लावणं म्हणजे काय, ते तुमच्या मार्केटिंगवाल्यांना कळायचं नाही. आता दूधही काढून टाकलं तर प्रथिनं आणायची कुठून? बी-१२ सुद्धा शाकाहाऱ्याला मिळतं ते दुधातूनच. माझी मुलगी चेन्नईत असते. तमिळनाडूत पॅलिओवाले बरेच आहेत, आणि तिकडच्या शाकाहारी मंडळींनी पनीर, लोणी, चीज आणि बदामांवर आपला वेगळा पॅलिओ बसवला आहे. मी करते तो हाच. शेजारच्या बाई दीक्षित डाएट करतात, मी हे करते, दोघी एकमेकींना हसतो, चाललंय.

चीज निवडायचं तर मुरलेलं, हाही विचार करूनच ठरवलेलं आहे. दूध विरजून त्याचा चक्का बांधताना लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, बरंचसं निवळीबरोबर निघून जातं आणि उरलेलं मुरण्याच्या काळात जिवाणू संपवतात. म्हणून काही महिने मुरलेल्या चेडरमध्ये साखर जवळजवळ उरतच नाही. १०० ग्रॅम चेडरमध्ये साधारण २५ ग्रॅम प्रथिनं, ३३ ग्रॅम स्निग्धांश आणि कार्बोहायड्रेट एखाद-दोन ग्रॅम. ‘थोडी सूट घेतलेला पॅलिओ’ म्हणतात तो या हिशोबावर चालतो. तेव्हा चीज पॅलिओत बसवायचं की नाही, ते माझं मी बघेन. पाकिटात चीज आहे की नाही, याचं उत्तर तुम्ही द्यायचं आहे.

आता पाकिटाकडे वळते. पुढच्या बाजूला दाढीवाला आदिमानव, कातडं पांघरलेला, एका हातात भाला आणि दुसऱ्या हातात चौकोनी, कडा घासून काढल्यासारखी पिवळीधमक स्लाइस. खाली ‘आपल्या पूर्वजांचा आहार’, त्याखाली ‘१००% नैसर्गिक’. दुधाचं चीज करत असत, याचा भक्कम पुरावा म्हणून दाखवली जातात ती पोलंडमधली भोकाभोकांची मातीची भांडी, दुधातली चरबी शोषलेली, सुमारे ७,००० वर्षांपूर्वीची, आणि ती शेतकऱ्यांची. तुमच्या भालेवाल्याचा त्यांच्याशी काही संबंध नाही. असो, चित्र गमतीचं आहे म्हणून सोडून दिलं असतं.

पण मग पाकीट उलटं केलं. घटकांची यादी नेमकी जिथे प्लॅस्टिक दुमडून चिकटवलंय त्या घडीत छापली आहे, राखाडीवर पांढऱ्या अक्षरांत. मी भिंग घेऊन वाचली. पाणी, चीज, खाद्य वनस्पती तेल (पाम), मॉडिफाइड स्टार्च, दूध पावडर, मग ३३१, ३३९ आणि २०० हे आयएनएस क्रमांक, म्हणजे खाद्यपदार्थात घालायच्या रसायनांचे सांकेतिक आकडे. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहायचे असतात, हा आपल्याकडचा नियम आहे. म्हणजे या चेडरमध्ये सगळ्यात जास्त काय आहे, तर पाणी. त्या आकड्यांबद्दल माझं भांडण नाही. ३३१ आणि ३३९ म्हणजे सायट्रेट आणि फॉस्फेट, वितळवलेलं चीज फुटू नये म्हणून घालतात ते क्षार, आणि २०० म्हणजे बुरशी येऊ नये म्हणून सॉर्बिक आम्ल. प्रक्रिया केलेल्या कुठल्याही चीजमध्ये ते सापडतात आणि कायद्यालाही चालतात. फक्त पुढे ‘१००% नैसर्गिक’ छापायचं आणि मागे हे, एवढं धाडस माझ्याच्याने झालं नसतं. माझा खरा आक्षेप तेल आणि स्टार्चवर आहे. दुधाच्या स्निग्धांशाऐवजी वनस्पती तेल घातलं की त्या पदार्थाला अ‍ॅनालॉग म्हणतात, आणि तसं ठळकपणे लिहावं लागतं. तुमच्या पाकिटावर तो शब्द आहे, नाही असं नाही. बारकोडच्या खाली, आडवा.

मी शाळेत विज्ञान शिकवत होते. यादी वाचून तेवढ्यावर थांबणं स्वभावात नाही.

उडदाचा पापड बंद असल्यामुळे मी चेडरचा पापड करते. लोखंडी तवा मंद तापवायचा, चेडरचा पातळ काप टाकायचा. त्याला तूप सुटतं, बुडबुडे येतात, कडा तांबूस होतात आणि गार झाला की कुरकुरीत पापड सुटून येतो. तुमची स्लाइस टाकली. तूप सुटलं नाही, बुडबुडा आला नाही. आधी वर कातडी धरली, मग खाली खळ झाली, तवा तिरका केला तरी जागची हलेना. शेवटी उलथन्याने खरवडून काढावी लागली आणि तव्यावर पिवळा थर राहिला तो राहिलाच.

मग आयोडीनची चाचणी केली. दुधाच्या पदार्थात स्टार्च आहे का ते घरच्या घरी बघण्यासाठी एफएसएसएआयनेच, म्हणजे देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणानेच, ही पद्धत सांगितली आहे, हवी तर तुम्हीही करा. स्लाइसचा तुकडा थोड्या पाण्यात उकळला, पाणी पूर्ण गार होऊ दिलं आणि टिंक्चर आयोडीनचे दोन-तीन थेंब टाकले. पाणी निळंजांभळं, जवळजवळ शाईसारखं झालं. शेजारच्या वाटीत दुसरीकडून आणलेल्या साध्या चेडरच्या ठोकळ्याचा तुकडा तसाच उकळून ठेवला होता. त्यात आयोडीन फिकट तपकिरीच राहिलं. दोन्ही वाट्यांचा फोटो सोबत जोडला आहे.

यावर तुमच्या मेलमध्ये दोन खुलासे आले. पहिला असा, की स्टार्च बटाट्याचा आहे आणि बटाटा नैसर्गिकच असतो. ऊससुद्धा नैसर्गिकच असतो हो. शिवाय ज्या आहाराचं नाव लावून तुम्ही हे विकता, त्यात बटाटाच चालत नाही, हे निदान लेबल लिहिणाऱ्याला माहीत असायला हवं होतं. दुसरा खुलासा, ‘एका स्लाइसमध्ये कार्बोहायड्रेट अवघे अडीच ग्रॅम.’ तुमच्याच तक्त्यात १०० ग्रॅमला कार्बोहायड्रेट १३ ग्रॅम आणि प्रथिनं ९ ग्रॅम आहेत. म्हणजे २० ग्रॅमच्या स्लाइसमध्ये प्रथिनं पावणेदोन ग्रॅमच्या आसपास. तेवढ्याच चेडरमध्ये ती ५ ग्रॅम मिळतात. ती भरून काढायला मला तुमच्या जवळजवळ तीन स्लाइस खाव्या लागणार, आणि त्यांच्याबरोबर सात ग्रॅमहून जास्त कार्बोहायड्रेट पोटात जाणार. डॉक्टरांनी साखर काठावर आहे म्हणून सांगितल्यावर हा सगळा खटाटोप सुरू केलेल्या माणसाला हे ‘अवघे’ वाटत नाही.

किंमत २०० ग्रॅमला ३२५ रुपये. एक किलो चेडरला साधारण दहा लिटर दूध लागतं, म्हणजे या पाकिटात दोन लिटर दुधाचं चीज असायला हवं होतं. दोन लिटर दूध आमच्याकडे गवळी घरपोच घालतो, त्याचा भाव तुम्हीच बघा आणि मग पाण्याचा आणि पाम तेलाचा बघा.

मला पुढील गोष्टी लेखी हव्या आहेत. पाकिटात चेडर नक्की किती टक्के आहे आणि ते किती महिने मुरलेलं आहे. अ‍ॅनालॉग हा शब्द पुढच्या बाजूला, नावाजवळ आणि वाचता येईल अशा अक्षरांत का नाही. ‘पॅलिओ’ आणि ‘१००% नैसर्गिक’ हे दोन्ही दावे कशाच्या आधारावर केले आहेत. आणि ते पाकिटावरून व जाहिरातीतून कधी काढणार. पैसे परत हवेत हे वेगळं सांगायला नको. तुम्ही पाठवलेलं दहा टक्के सवलतीचं कूपन याच स्लाइसच्या पुढच्या खरेदीवर आहे, ते मी वापरणार नाही.

हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत समाधानकारक उत्तर आलं नाही तर मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आणि सांगलीच्या अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात तक्रार नोंदवणार आहे. अन्न सुरक्षा आणि मानके कायदा, २००६ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाख रुपयांपर्यंत दंड आहे, आणि ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली वेगळी दाद मागता येते. तुमच्या विधी विभागाला हे माहीत असेलच.

बिलाची प्रत, पाकिटाच्या चारही बाजूंचे फोटो आणि चाचणीचा फोटो जोडला आहे. त्याच बॅचचं एक न फोडलेलं पाकीट माझ्या फ्रिजमध्ये आहे. तुमचा माणूस पाठवला तर त्याच्याकडून पोच घेऊन देईन. कुरिअरचा खर्च मात्र मी करणार नाही.

आपली,
एक ग्राहक, निवृत्त विज्ञान शिक्षिका
सांगली

सोबत : वरीलप्रमाणे